गॅदरिंगच्या यादीत पोडावरची मुलं का नव्हती? एका जिल्हा परिषद शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या टोकाला असलेली ही जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी. पट साठच्या थोडा वर. शिक्षण हक्क कायद्याच्या कोष्टकात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यापुढे नव्वदपर्यंत तीन, म्हणून इथे पदं तीन मंजूर, भरलेली दोन. एक मुख्याध्यापक सर आणि एक मॅडम. मी तेव्हा गट साधन केंद्रात, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रात, विषय साधनव्यक्ती होतो. शाळाभेटींमुळे हे प्रकरण जवळून पाहायला मिळालं. निर्णय मात्र शाळेचे आणि गावाचे. गाव ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलं दोन ठिकाणांहून येतात. निम्म्याहून जास्त गावातून, बाकीची दोन किलोमीटरवरच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात. घरात कोलामी बोलतात, ती द्रविड कुळातली भाषा. पहिलीत आलेलं लेकरू मराठी ऐकत ऐकत शिकतं आणि तिसरीपर्यंत गावातल्या पोरांशी फर्डी वऱ्हाडी बोलतं. पोडावरून शाळेत यायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरांमधून जाणारी गाडवाट आहे, मध्ये एक नाला. मुलं घोळक्याने येतात, घोळक्याने जातात.

शाळेत वर्षभर काही ना काही चालू असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मधूनच बालआनंद मेळावा. पण गावाच्या लेखी शाळेचा कार्यक्रम एकच, गॅदरिंग. २६ जानेवारीच्या संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर स्टेज बांधायचं, तालुक्यावरून साउंडवाला बोलवायचा, भाड्याचे ड्रेस आणायचे आणि सिनेमातल्या गाण्यांवर मुलांनी नाचायचं. नाच चालू असताना माइकवरून बक्षिसं पुकारली जातात. मामाकडून शंभर, काकाकडून शंभर, अमुक दादा मित्रमंडळाकडून पाचशे. ही रक्कम मुलांना मिळत नाही, शाळेच्या कामाला लागते. आधीच्या दोन वर्षांच्या बक्षिसांतून शाळेत पाण्याचं फिल्टर आणि एक स्पीकर आला होता, म्हणून या प्रथेला कोणी नावं ठेवत नव्हतं. पैसे गोळा होतात, गाव जमतं, पोरं खूश होतात, असं सगळ्यांचं मत होतं.

अडचण कुठे दिसली

२०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात नोव्हेंबर महिना निवडणुकीत गेला. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं आणि दोन्ही शिक्षक ड्युटीवर. त्यामुळे गॅदरिंगची तयारी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. मॅडमनी नेहमीप्रमाणे वर्गात विचारलं, "कोणाकोणाला भाग घ्यायचा?" हात वर आले, यादी झाली. यादी फळ्याशेजारी लावताना त्यांना दिसलं की नऊ कार्यक्रमांत पोडावरची दोनच नावं आहेत. आदल्या वर्षीची वही काढली, तर तिथेही तसंच. पोडावरची मोठी मुलं पडदा ओढायला आणि खुर्च्या लावायला होती.

सरांचं म्हणणं असं की वेचणीचे दिवस आहेत, पोडावरची लेकरं या दिवसांत तशीही कमी येतात. हे कारण विदर्भातल्या कुठल्याही शाळेत चालून जातं आणि बऱ्याचदा खरंही असतं. आई-बाप कापूस वेचायला गेले की धाकट्याला सांभाळायला थोरली घरी थांबते. पण मॅडमनी हजेरीपट आणि पोषण आहाराची रोजची नोंद शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पहिला वेचा दिवाळीच्या आसपास झाला होता. त्या दिवसांत पोडावरची हजेरी थोडी घसरली आणि नंतर सावरली. खरी घसरण आधीच्या वर्षी डिसेंबरअखेरीस होती, ज्या आठवड्यात नाचाचा सराव सुरू झाला त्याच आठवड्यात. २६ जानेवारी झाल्यावर हजेरी पुन्हा होती तिथे आली, आणि फरदडीची, म्हणजे हंगामानंतरही ठेवलेल्या कापसाची, वेचणी तर तेव्हाही चालूच होती.

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, असं मला वाटतं. दोन रजिस्टरं एकत्र पाहिली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. वेचणीवर बोट ठेवलं की शाळेच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. सरावावर बोट ठेवलं की उरतं.

मग पोडावरच्या चौथी-पाचवीच्या मुलांना बाजूला घेऊन विचारलं. उत्तरं साधी होती. सराव शाळा सुटल्यावर, पाच ते साडेसहा. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. नाचात असलेल्याला थांबावं लागतं, मग परतीला घोळका राहत नाही. दुसरं म्हणजे ड्रेस. एका रात्रीचं भाडं दीडशे-दोनशे रुपये, ते घरून आणायचं. जो आणणार नाही त्याला कोणी "नाचू नको" म्हणत नव्हतं; तो स्वतःच हात वर करत नव्हता. शिवाय सरावाच्या दिवसांत दुपारनंतर शिकवणंही ढिलं पडायचं. ज्यांना नाचायचं नाही ती मुलं व्हरांड्यात बसून राहायची. त्यांतली काही मग येईनाशी व्हायची.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, मॅडमनी हा विषय माझ्याकडे काढला आणि नंतर सरांशी बसून आम्ही पर्याय मोजले.

सगळ्यात सोपा होता गॅदरिंग रद्द करण्याचा. कारण म्हणून निवडणूक आणि रिकामं पद दाखवता आलं असतं. पण गावातल्या मुलांचा वर्षाचा एकमेव सोहळा काढून घेऊन पोडावरच्या मुलांच्या हाती काही पडणार नव्हतं. शिवाय "पोडामुळे बंद झालं" हे वाक्य गावात फिरायला दोन दिवसही लागले नसते.

दुसरा पर्याय गावातून आला. ग्रामपंचायतीच्या एका सदस्याने पोडावरच्या मुलांच्या ड्रेसचं भाडं देण्याची तयारी दाखवली. माणूस मनाने चांगला, पण अट ही की स्टेजवरून तसं जाहीर व्हावं. सरांना हे पटत होतं, मॅडमना नाही. चौथीतल्या पोराने दुसऱ्याने दिलेला ड्रेस घालून उभं राहायचं आणि माइकवरून देणाऱ्याचं नाव ऐकायचं, हे त्यांना बोचत होतं. माझी हरकत वेगळी होती. भाडं मिळालं तरी अंधाराचा प्रश्न तसाच राहत होता.

तिसरा पर्याय, पोडावरच्या मुलांचं वेगळं "आदिवासी नृत्य" बसवायचं. हा तालुक्यात सर्रास दिसतो. पिसं, पानं, तोंडाला रंग, आणि पाहुण्यांचे मोबाइल वर. यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

चौथा पर्याय म्हणजे गॅदरिंगची वेळ, जागा आणि खर्चाची पद्धतच बदलायची. सराव शाळेच्या वेळेत, कार्यक्रम दिवसा, भाड्याचे कपडे नाहीत आणि प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात. यात अडचण एकच होती, पण मोठी. गावाला हे आवडणार नव्हतं.

पोडावरची सभा

निर्णय शाळा व्यवस्थापन समितीत व्हायला हवा होता. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे समितीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. कागदावर हे सगळं बरोबर होतं. पोडावरच्या दोन महिला सदस्य होत्या. इतिवृत्तावर त्यांचे अंगठे होते. सभा दुपारी दोनला, शाळेत. दुपारी दोनला त्या दुसऱ्याच्या वावरात असायच्या. शिपाई नसलेल्या शाळेत इतिवृत्त घरोघरी फिरवणं मुलांकडूनच होतं, त्यामुळे अंगठे कसे आले हे वेगळं सांगायला नको.

मॅडमनी सुचवलं की या वेळची सभा पोडावरच्या चावडीत, संध्याकाळी सातला घ्यावी. अध्यक्ष गावातले, त्यांनी आधी कुरकुर केली. "कालपर्यंत सभेला कोणी आलं नाही, आता आपण तिकडं जायचं?" शेवटी सरांनी त्यांना स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून नेलं. सरांना हा खटाटोप मनापासून पटला होता असं नाही, पण मॅडमनी मांडलेल्या हजेरीच्या आकड्यांवर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि ते त्यांनी मान्य केलं, ही त्यांची जमेची बाजू.

चावडीत नाईक, म्हणजे पोडाचे प्रमुख, होते, म्हाताऱ्या होत्या, कापसाने हात ओरबाडलेल्या बाया होत्या. पहिला अर्धा तास गॅदरिंग सोडून सगळं झालं. तांदूळ, नाल्यावरचा रपटा, जातीचे दाखले. मग सदस्य असलेली एक आई म्हणाली, "सहा वाजता आंधार पडते. वाटंत नाला हाय. नाचासाठी पोट्टी थांबली त मी वावरातून येऊन तिले आनाले जाऊ का सयपाक करू?" ड्रेसच्या भाड्यावर कोणी फार बोललं नाही. पैशांची गोष्ट लोक सभेत काढत नाहीत. परत निघताना एका बापाने सरांना बाजूला घेऊन तेवढंच विचारलं, "यंदा काई आनाचं तं नाई न, सर?"

तारीख, वेळ आणि कपडे

तारखेवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. गावातल्या सदस्यांना २६ची संध्याकाळ हवी होती. पोडावरून मागणी आली की बाजाराच्या दिवशी ठेवा. या भागात मजुरीचा हिशोब आठवड्याच्या बाजारावर चालतो; बाजाराच्या दिवशी वेचणी बंद, माणसं घरी, दुपारून तालुक्याला. इथला बाजार शनिवारी. २५ जानेवारी २०२५ला शनिवारच होता. सकाळी आठ ते अकरा कार्यक्रम, मग ज्याला बाजाराला जायचं तो जाईल.

यात कोणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट म्हणजे २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन. सर गावाचे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारे. त्यांना त्याच सकाळी मतदान केंद्रावर कार्यक्रम घ्यायचा होता. केंद्र म्हणजे शाळेचीच खोली, त्यामुळे मतदारांची शपथ गॅदरिंगच्या सुरुवातीलाच उरकायची असं ठरलं. फोटोत गर्दी भरपूर दिसली आणि वरच्या कार्यालयातून कौतुकही झालं.

सराव शेवटच्या दोन तासिकांत आला, तोही आठवड्यातून तीनच दिवस. शनिवारसाठी आधारही होता. २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी "आनंददायी शनिवार" आणला होता. दप्तर बाजूला ठेवून करायच्या उपक्रमांत सराव अगदी नियमात बसला. पाचच्या घंटेला सराव बंद, मग नाच अर्धवट राहिला तरी चालेल. हा नियम मॅडमनी घड्याळ लावून पाळला.

कपड्यांचं ठरलं की गणवेश, किंवा घरात आहे ते. हे बोलायला सोपं होतं. त्या वर्षी गणवेश उशिरा आले होते, दुसरा जोड सगळ्यांपर्यंत पोचला नव्हता, आणि एका जोडाची कॉलर आत्ताच विरली होती. त्यामुळे एकसारखं दिसावं म्हणून बायांच्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून कमरेला बांधायचं ठरलं. गावातल्या बचत गटाने पट्ट्या शिवून दिल्या. पाचवीतल्या तीन मुली मात्र रडल्या. इतकी वर्षं त्या मोठ्या ताईंना चमचमत्या घागऱ्यात पाहत आल्या होत्या. यंदा त्यांचा नंबर होता. त्यांना समजावायला मॅडमकडे काही नव्हतं, आणि त्यांनी उगाच काही समजावलंही नाही.

ढेमशाचा प्रश्न

पोडावरच्या सभेत नाईकांनी आपणहून सांगितलं की पोरांना ढेमसा, म्हणजे हात धरून फेरात नाचायचा त्यांचा नाच, शिकवायला दोन जण येतील, ढोलासह. सर खूश झाले. एक वेगळा, नावाजण्यासारखा कार्यक्रम मिळाला. त्यांनी पोडावरच्या मुलांची यादीही केली.

इथे चौथीतल्या एका पोराने घोळ घातला, म्हणजे चांगला घोळ घातला. त्याला ढेमसा नको होता. तो पोडावर लग्नात, सणात नाचतच होता. त्याला लेझीम हवी होती, पुढच्या रांगेत. शाळेत लेझमी वीस, त्या आजवर गावातल्या मुलांच्या हातात. "ढेमसा त मले येते. हे शिकाचं हाय," एवढंच तो म्हणाला.

मॅडमनी मग उलटं केलं. ढेमसा पोडावरच्या मुलांचा नाही, तिसरी ते पाचवी सगळ्यांचा. लेझीम चिठ्ठ्या टाकून. शिकवायला आलेल्या दोघांनी गावातल्या पोरांना हात धरून फेर कसा धरायचा ते शिकवलं, आणि पहिले चार दिवस पोडावरची पोरं त्यांना हसत होती. नाईकांनी ढोलाचे कोणते ठेके शाळेत चालतील आणि कोणते फक्त देवाच्या कामाचे, हे आधीच सांगून ठेवलं होतं. ते तंतोतंत पाळलं गेलं. पिसं नाहीत, तोंडाला रंग नाही. तालुक्याच्या कार्यक्रमांत जे दिसतं ते पोडावर कोणी घालत नाही, हेही त्याच निमित्ताने शाळेला कळलं.

बक्षिसांचं काय करायचं

याच मुद्द्यावर समितीत खरी ओढाताण झाली. पुकारून बक्षीस देण्याने कार्यक्रम रखडतो, ज्याचं गणगोत मोठं त्याच्या नाचाला टाळ्या आणि नोटा जास्त, आणि पोडावरच्या मुलांसाठी कोणी पुकारत नाही. हे सगळं खरं. पण त्याच पैशांतून फिल्टर आला होता, आणि त्याचं पाणी सगळीच मुलं पितात. मॅडमना पुकारणं बंद हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, "नाव पुकारलं नाही तर देणार कोण?" तडजोड निघाली. दारात पेटी, नाव वहीत, आणि शेवटी एकदाच सगळ्या देणाऱ्यांची यादी वाचायची, रक्कम न सांगता.

प्रत्यक्षात दोन माणसं मध्येच उठून स्टेजवर आली आणि माइक हातात घेतलाच. त्यांना कोणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, यावर सर आणि मॅडम यांचं आजही एकमत नाही.

काय हाती लागलं

सकाळी थंडी होती, स्टेज नव्हतं. शाळेच्या पटांगणात ताडपत्री टाकली होती. पोडावरून माणसं आली, आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. गावातली नेहमीची गर्दी कमी होती. लेझीम दोनदा चुकली. ढेमशाचा फेर मोठा होत गेला आणि शेवटी त्यात आयाही शिरल्या, तेव्हा सूत्रसंचालन करणारी पाचवीतली मुलगी पुढचा कार्यक्रम पुकारायचा विसरून स्वतःच नाचायला गेली.

पेटीत ४ हजारही जमले नाहीत. आदल्या वर्षी ९ हजारांच्या आसपास होते. अर्थात साउंडवाला, स्टेज आणि दिव्यांचा खर्च वाचला होता, त्यामुळे हातात उरलेली रक्कम फार कमी नव्हती. पण गावात बोललं गेलं ते चार हजारांबद्दल.

हजेरीचं उत्तर स्पष्ट होतं. सरावाच्या आठवड्यांत पोडावरची हजेरी नोव्हेंबरइतकीच राहिली, आधीच्या वर्षासारखी घसरली नाही. एका वर्षाच्या एका शाळेवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण या शाळेपुरतं वेचणीचं कारण अपुरं होतं, एवढं ठरलं.

नुकसानही झालं. रडलेल्या तिघींपैकी एकीच्या वडिलांनी पुढच्या सभांना येणं सोडलं. जूनमध्ये तिचा धाकटा भाऊ तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसला. त्याला कारण गॅदरिंगच, असं कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. गाडी तीन वर्षांपासून गावात येत होती.

वेगळं काय करता आलं असतं

पाचवीच्या मुलींना आधी विचारता आलं असतं. पालकांच्या दोन गटांत तोल साधताना सगळ्यांनी मुलांना गृहीत धरलं. फक्त लेझीम मागणाऱ्या पोराने आपलं म्हणणं मध्ये घुसवलं. पाचवीनंतर शाळेतून जाणाऱ्या मुलांचा निरोप म्हणून एक वेगळा कार्यक्रम ठेवून, हवे ते कपडे घालायची मुभा तेवढ्यापुरती देता आली असती. त्यातही भाड्याचा प्रश्न परत आलाच असता, पण पाच-सात मुलांचा, आणि तो बक्षिसाच्या पेटीतून सुटला असता.

बक्षिसांचा नियम तोंडी न ठेवता इतिवृत्तात लिहून, ग्रामपंचायतीच्या फलकावर आठवडाभर आधी लावायला हवा होता. माइक घेणाऱ्या दोघांपैकी एकाला नियम खरंच माहीत नव्हता.

चावडीतली सभा ही एकच झाली, हे मला सगळ्यात खटकतं. फेब्रुवारीची सभा पुन्हा शाळेत, पुन्हा दुपारी दोनला. एक आड एक सभा पोडावर, असा ठराव त्याच रात्री चावडीत करून टाकता आला असता. सगळे समोर होते आणि मन:स्थितीही तशी होती. नंतर ते सुचवायला कोणाला सवड झाली नाही.

पुढे मॅडमची बदली झाली. २०२५च्या डिसेंबरात नव्या शिक्षकांनी सराव शाळेच्या वेळेतच ठेवला, कारण मॅडमनी जाण्याआधी तासिकांच्या वेळापत्रकात तो शाईने लिहून ठेवला होता. भाड्याचे ड्रेस मात्र तीन गाण्यांसाठी परत आले आहेत. पोडावरच्या सदस्य आईने या वेळी सभेची वेळ विचारायला आपणहून शाळेत फोन केला. सभा दुपारी दोनला आहे असं कळल्यावर ती बदलून मागितली. अध्यक्षांनी अजून उत्तर दिलेलं नाही.